उभं पाणी

नळाला जोर नाही म्हणून गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी काढून हजाराची बसवणारं घर सांगली-मिरजेत कुठल्याही गल्लीत सापडेल. टाकी दुप्पट होते, नळ होता तसाच राहतो. नळाशी येणारा दाब ठरतो तो टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या किती वर आहे यावर. टाकीत पाणी किती साठलंय, टाकी रुंद आहे की अरुंद, याचा त्याच्याशी संबंध नाही. दहा मीटर उभं पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब, एवढा एक आकडा डोक्यात पक्का असला की निम्मी कोडी सुटतात. शॉवरच्या वर दोन मीटरवर पाणी असेल तर शॉवरला मिळतात दोनशे ग्रॅम. तीच पाचशेची टाकी पाच फुटी लोखंडी स्टँडवर चढवली तर होतात साडेतीनशे, आणि अंघोळ करणाऱ्याला फरक लगेच कळतो. मोठ्या टाकीनं पाणी जास्त वेळ पुरेल. जोर यायचा तो उंचीनंच.

मला या नियमाचं अप्रूप आजही तेवढंच आहे. फ्लेमिश इंजिनिअर सिमॉन स्टेव्हिन यानं १५८६ मध्ये तो मांडला, आणि नंतर पास्कलनं त्याची नीट घडी बसवली. भांडं वर पसरट असो की निमुळतं, तळावरचा दाब फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. पसरट भांड्यातलं जास्तीचं वजन जातं कुठं? ते तिरप्या भिंती उचलून धरतात. आणि निमुळत्या भांड्यात पाणी कमी असूनही तळाला तेवढाच दाब मिळतो, कारण आत झुकलेल्या भिंती पाण्याला वरून खाली दाबून धरतात. पाणी उंची मोजतं, पसारा मोजत नाही.

आपल्या भागात हा नियम सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे तो कोयनेला. धरण १०३ मीटर उंच, आणि मागं शिवाजीसागर पन्नास किलोमीटरपर्यंत पसरलेला. ते अथांग पाणी पाहिलं की वाटतं, एवढा सगळा जलाशय त्या भिंतीला रेटतोय. पण जलाशय पन्नास किलोमीटरऐवजी पन्नास मीटरच लांब असता, तरी पाणी तेवढंच खोल असताना भिंतीवरचा स्थिर रेटा तसूभरही कमी झाला नसता. भिंतीला लागून १०० मीटर खोल पाणी धरलं तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर रेटा येतो ५,००० टनांचा. हिशेब सोपा आहे: पृष्ठभागावर दाब शून्य, तळाशी दर चौरस मीटरला १०० टन, म्हणजे सरासरी ५० टन, आणि उंची १०० मीटर. खोली निम्मी केली तर रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो, कारण सरासरी दाबही निम्मा आणि भिजलेली उंचीही निम्मी. भिंत उलथवायची ताकद तर आठवा हिस्सा उरते, कारण सगळा रेटा जिथं एकवटतो ती जागा तळापासून एक-तृतीयांश उंचीवर असते आणि तीही खाली उतरते. धरणाचा पाया एवढा रुंद आणि माथा एवढा अरुंद का, याचं उत्तर उंचीच्या या घनाच्या हिशेबात आहे.

त्यातही एक बारीक गोष्ट राहून जाते. पाणी धरणाला फक्त मागून ढकलत नाही, पायाखालच्या फटींत शिरून खालून वरही उचलतं. कोयनेसारखं धरण उभं राहतं ते स्वतःच्या वजनावर, आणि हा खालचा दाब त्या वजनातूनच वजा होतो. म्हणून अशा धरणांच्या पोटात गॅलरी ठेवतात, तिथून पायात भोकं पाडतात आणि झिरपून आलेलं पाणी बाहेर काढून टाकतात. गॅलरीत पाणी झिरपताना दिसलं की नवखा माणूस घाबरतो. तिथं काम करणाऱ्याला काळजी वाटते ती झिरपा अचानक वाढला, गढूळ झाला किंवा एकाएकी थांबला तर. थांबला म्हणजे भोकं बुजली, आणि दाब आत कोंडतोय.

याच उंचीचं दुसरं रूप घाटाखाली आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात उतरतं ते साधारण पावणेपाचशे मीटर. म्हणजे खाली पोहोचताना दाब ४७ किलोंच्या आसपास. घर्षणाचा तोटा सोडला तर नोझलमधून ते पाणी ताशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर वेगानं सुटून पेल्टन चाकाच्या, म्हणजे वीज करणाऱ्या टर्बाइनच्या, वाट्यांवर आदळू शकतं. नोझलमध्ये दाबाचा वेग होतो. दाब आणि वेग या एकाच भांडवलाच्या दोन नोटा आहेत, एक मोडूनच दुसरी मिळते. दोन्ही एकदम हव्यात म्हटलं तर मिळत नाहीत. पुढं पाईपांचं बोलताना हे पुन्हा लागेल.

हाच नियम हाताला जाणवावा तर कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या, काढताना जाणवतो. पावसाळ्यापूर्वी बर्गे काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे, हा कृष्णा-वारणाकाठचा वार्षिक रिवाज. दोन मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच असा एक बर्गा धरा, पलीकडची बाजू कोरडी आहे असंही धरा. सर्वांत वरच्या बर्ग्यावर रेटा येतो ९० किलोंचा. तीन मीटर खाली असलेल्या तशाच बर्ग्यावर येतो १,८०० किलोंचा. तो खाचेत एवढा आवळून बसतो की नुसत्या घर्षणावर मात करून वर ओढायला सहा-सातशे किलोंचा जोर लागतो, गाळ-काडीकचरा वेगळाच. म्हणून बर्गे वरूनच काढत यायचे आणि मध्ये थांबायचं. एक काढला की त्याच्यावरून पाणी वाहून पातळी उतरते, पातळी उतरली की खालच्याची पकड ढिली होते. घाईनं साखळी लावून खालचा बर्गा उपसायला गेलं तर हूक तुटतो, बर्गा वाकतो, आणि वाकलेला बर्गा ऑक्टोबरमध्ये खाचेत बसत नाही. मग वर्षभर फटीतून पाणी गळत राहतं आणि दोष बंधाऱ्याला दिला जातो.

आता मोटरीकडे. नदीकाठच्या शेतकऱ्याची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे "मोटर पाणी ओढत नाही". पंप खरं तर फक्त आतलं पाणी पुढं फेकून स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती नदीवर दाबून बसलेली बाहेरची हवा. ती किती वर ढकलणार याला निसर्गानंच मर्यादा घातली आहे. गॅलिलिओच्या काळात फ्लोरेन्सचे पंप दहा मीटरच्या वर पाणी का चढवत नाहीत, हा प्रश्न पडला होता. टोरिचेल्लीनं १६४३ मध्ये पाऱ्याची नळी उलटी धरून त्याचं उत्तर शोधलं. समुद्रकाठी हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, तिथं तो उरतो ९.७ मीटर. महाबळेश्वरला ८.८.

पण हे सगळे मीटर वापरायला मिळत नाहीत. तीस अंशांच्या पाण्याची वाफ व्हायची ओढ अर्धा मीटर खाते. फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या पाण्यातल्या टोकाची एकतर्फी झडप), जाळी, बेंड आणि पाईपचं घर्षण मिळून एक-दीड मीटर. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी पाणी उकळू नये म्हणून पंपाला स्वतःची दोन-तीन मीटरची शिल्लक लागते. उरतात पाच-साडेपाच मीटर. सक्शन, म्हणजे नदीच्या पाण्यापासून पंपापर्यंतची उंची, याहून जास्त ठेवलं की पंप बंद पडत नाही, त्याहून वाईट होतं. पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, इम्पेलरमध्ये दाब वाढला की ते फुटतात, आणि पंपातून खडी फिरवल्यासारखा आवाज येतो. काही महिन्यांनी इम्पेलर उघडून पाहिला तर पाती कीड लागल्यासारखी खाल्लेली. इम्पेलरची कंपनी बदलून हा रोग जात नाही. मोटर खाली घेऊनच जातो.

इथंच कृष्णेचा स्वभाव आडवा येतो. उन्हाळ्यातली पातळी आणि पुराची पातळी यांत एवढं अंतर पडतं की एकाच जागी ठेवलेला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात) एका ऋतूत ओढत नाही आणि दुसऱ्यात बुडतो. म्हणून काठावर मोटरी खाली-वर करण्याचं काम चालतं आणि म्हणूनच ज्यांना परवडतं ते जॅकवेल, म्हणजे नदीकाठची खोल विहीर, बांधून पंप पाण्यातच सोडतात. ओढायला पाच मीटरची मर्यादा आहे. ढकलायला मर्यादा फक्त पाईपच्या ताकदीची आणि खिशाची.

सक्शनमध्ये आणखी एक फसगत असते. डिलिव्हरीचा, म्हणजे पंपापासून पुढं जाणाऱ्या पाईपचा, जॉइंट गळला तर पाणी उडतं आणि दिसतं. सक्शनचा, म्हणजे नदीकडच्या पाईपचा, जॉइंट गळला तर काहीच दिसत नाही, कारण आतला दाब हवेपेक्षा कमी असतो. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप हवा धरतो, धार तुटक येते, आणि माणूस फूटव्हॉल्व्ह बदलत बसतो. हे शोधायची सोपी रीत आहे. मोटर बंद ठेवून सक्शन आणि पंप प्राइमिंगच्या पाण्यानं काठोकाठ भरायचा. आता ते पाणी फूटव्हॉल्व्हवर उभं असतं, पाईपभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, आणि जो जॉइंट चालू मोटरीत हवा घेतो तोच थेंब गाळायला लागतो. तोंडाशी भरलेली पातळी उतरत जातेय पण जॉइंट सगळे कोरडे, तर मग फूटव्हॉल्व्हच्या चामड्यात खडा किंवा काडी अडकली. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरलेल्या जागेतून, चालू मोटरीत थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. ते बंद व्हावं म्हणून ग्लँड आवळली तर दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतो. सक्शनचा पाईप डिलिव्हरीपेक्षा एक साईज मोठा घ्यावा, नदीपासून पंपापर्यंत तो सलग चढता असावा, मध्ये कुठं कुबड आलं तर तिथं हवा साठते. फूटव्हॉल्व्ह पाण्यात निदान दोन-तीन फूट बुडालेला हवा, नाहीतर वर भोवरा होऊन हवा शिरते.

डिलिव्हरीच्या बाजूला सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे "पाईप बारीक घेतला की प्रेशर वाढतं". नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं, त्यावरून ही समजूत आलेली. अंगठा असतो तो शेवटच्या टोकाला. तिथं मागून आलेला दाब वेगात मोडतो. सगळी लाईनच बारीक केली तर दाब वाटेतच घर्षणात खर्च होतो, मोडायला उरतच नाही. हिशेब घ्या. नदीपासून शेत एक किलोमीटर, चढ २० मीटर, पाणी हवंय सेकंदाला आठ लिटर. ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपमध्ये घर्षणाला जातात सुमारे २२ मीटर, म्हणजे चढापेक्षाही जास्त. ११० च्या पाईपमध्ये जातात सुमारे आठ. एकूण हेड, म्हणजे पंपाला पेलायची उंची, ४२ मीटर विरुद्ध २८. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पहिल्याला साडेसात एचपी लागतो, दुसऱ्याला पाच पुरतो. पाईपमध्ये वाचवलेले पैसे वीजबिलात दर वर्षी भरत राहायचे, असा हा सौदा. आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाणी उभं राहिलं की दोन्ही पाईपांच्या टोकाला गेज सारखंच दिसतं. म्हणून लाईनचं गेज पाहायचं ते पाणी वाहत असताना.

वीज गेली की काय होतं ते तर कानांनी ऐकू येतं. एक किलोमीटर लांबीत ११० च्या पाईपमध्ये आठ टनांहून जास्त पाणी धावत असतं. मोटर बंद पडते, पण ते पाणी लगेच थांबत नाही; वर जात राहतं, मागं पोकळी होते, मग उलटं फिरून खाली येतं आणि एनआरव्हीवर, म्हणजे पाणी मागं येऊ न देणाऱ्या झडपेवर, धाडकन आदळतं. वाढीव दाब काढायचं सूत्र साधं आहे: पाण्याचा वेग गुणिले पाईपमधला आवाजाचा वेग, भागिले ९.८. लोखंडी पाईपमध्ये आवाजाची लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास जाते. दीड मीटर वेगाचं पाणी एकाएकी अडलं तर १५० मीटरचा, म्हणजे १५ किलोंचा जादा धक्का. पीव्हीसी लवचिक, त्यात लाट चारशे मीटरनं जाते, धक्का सहा किलोंचा. पण ज्यानं हिशेब फक्त चढाचा करून ४ केजीचा, म्हणजे चार किलो दाबासाठी बनवलेला, पाईप टाकला, त्याचा पाईप असे धक्के खाऊन फुटू शकतो, आणि फुटतो तो बहुतेक पंपाजवळ, जिथं मूळचा दाबही जास्त असतो. पोकळी होते तेव्हा उलटा धोका: चढावरच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह नसेल तर बाहेरची हवा पातळ पाईप चेपून चपटा करते. शेतकरी म्हणतो ट्रॅक्टर गेला असेल वरून. तिथं एअर व्हॉल्व्ह हवा होता. व्हॉल्व्ह हातानं बंद करताना लाट टोकापर्यंत जाऊन परत यायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ घ्यावा. दोन किलोमीटरच्या पीव्हीसी लाईनला तो दहा सेकंद आहे, तेव्हा मिनिटभर लावला तर बिघडत नाही.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना पाणी टप्प्याटप्प्यानं का चढवतात, एकदम का नाही, हेही इथून कळतं. दोन मीटर व्यासाच्या नळात साठ मीटर हेड असेल तर नळाच्या दर एक मीटर लांबीला फाडायला १२० टनांचा जोर लागलेला असतो, तो दोन बाजूंच्या पत्र्यानं वाटून घ्यायचा. हेड तिप्पट केलं की पत्राही तिप्पट जाड. वाटेत हौद आणि कालवा केला की दाब तिथं शून्यावर येतो, धक्क्याची साखळी तुटते, आणि मधल्या गावांनाही पाणी मिळतं. कऱ्हाडजवळ उचललेलं पाणी आटपाडीकडे अशा पायऱ्या चढत जातं.

तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकलाही तेच. साधा ड्रीपर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पाणी सोडतो. बागेला तीन मीटर उतार असला तर एका किलोऐवजी खाली एक किलो तीनशे ग्रॅम, आणि खालच्या ओळीला १४ टक्के जास्त पाणी. सँड फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दोन गेज ठेवावेत, फरक अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून फिल्टर धुवायचा.

आणि मग पूर. सांगलीच्या आयर्विन पुलावर, जो १९२९ पासून उभा आहे, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ज्याचा उंबरा ४५ फुटांच्या पातळीला, त्याच्या घरात बारा फूट पाणी. तेवढं पाणी बाहेर आणि आत कोरडं, असं कुणी करून दाखवलंच असतं तर भिंतीच्या दर मीटरवर साडेसहा टनांहून जास्त रेटा आला असता. नऊ इंची विटेची भिंत तो सोसू शकत नाही. पाणी आत शिरतं, दोन्ही बाजूंनी सारखं होतं, रेटे एकमेकांना मारतात आणि पक्की भिंत उभी राहते. मातीच्या भिंतीचं दुर्दैव वेगळं, ती विरघळते. तेव्हा पाणी कमरेच्या वर जाणार असं दिसलं की दाराला वाळूची पोती रचून घर कोरडं ठेवायचा हट्ट सोडावा आणि माणसं बाहेर काढावीत. तीन फूट रुंद दारामागं दोन फूट पाणी असेल तर दारावर सुमारे १७० किलोंचा रेटा असतो. कडीपाशी निम्मा जोर लागतो, तो दोघं मिळून लावू शकतात. चार फुटांना सहाशे किलोंच्या पुढं. मग दार बाहेर उघडणारं असेल तर आतून ते उघडणं विसरा.

रिकामी वस्तू पुरात वजन विसरते. दोन मीटर लांब-रुंद-खोल, सहा इंची आरसीसीचा, झाकणासकटचा सम्प, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी, घ्या. काँक्रीट साडेसात टन, आणि आजूबाजूची जमीन पाण्यानं भरली की वर उचलणारा जोर आठ टन. रिकामा असेल तर तो जमिनीतून वर येतो, नळजोड मोडतात, तळाला तडे जातात. पुरापूर्वी सम्प काठोकाठ भरून ठेवायचा, पाणी गढूळ होईल म्हणून उपसायचा नाही. गच्चीवर न्यायची राहिलेली प्लॅस्टिकची टाकीही भरून ठेवावी किंवा बांधून. चारचाकीच्या पत्र्याच्या तळाच्या वर अर्धा-पाऊण फूट पाणी चढलं की चाकं जमिनीवर धरत नाहीत. पाण्याला थोडा ओघ असला तरी गाडी निघाली.

पूर ओसरताना लोकांचा जीव भांड्यात पडतो, पण काठ ढासळतात ते त्याच वेळी. पूर चढलेला असताना नदीचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं आणि आतल्या काळ्या मातीतही हळूहळू पाणी भरतं. नदी दोन दिवसांत उतरते; मातीतलं पाणी उतरायला आठवडे लागतात. बाहेरचा टेकू गेलेला, आतला दाब तसाच. कणांमधल्या पाण्याच्या दाबामुळे कण एकमेकांवर घट्ट बसत नाहीत, माती मातीला धरत नाही, आणि काठाचा लांबच्या लांब तुकडा नदीत बसतो. खडकातही असंच घडत असावं: ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर जलाशयाचं पाणी फटींत झिरपून भेगांची पकड ढिली करतं का, यावर आजवर अभ्यास चालू आहे, आणि त्यासाठी कऱ्हाडच्या भूभौतिकी संशोधन केंद्रानं तीन किलोमीटर खोल भोकही पाडलं आहे.

शेतकऱ्याच्या हातात आहे ते एवढंच. पुरात भरलेली विहीर पाणी स्वच्छ करायच्या घाईनं एका दिवसात उपसू नये. बांधकामामागची माती भरलेली असते, आतला टेकू काढला की दगडी बांधणी आत बसते. दिवसाला दोन-तीन फूट उतरवावं, रात्रीत किती परत चढलं ते पाहावं, चढ कमी होत गेला की पुढं जावं. सम्पलाही हाच क्रम. काठावर नदीला समांतर भेग दिसली तर तिच्या आणि नदीच्या मधल्या पट्ट्यावर मोटर, ट्रॅक्टर किंवा पाईपांचा ढीग ठेवू नये, ती भेग मातीनं बुजवून टाकावी म्हणजे पावसाचं पाणी तिच्यात उभं राहणार नाही. भेगेतलं पाणीही उभंच असतं. बोटभर रुंद असली तरी दोन मीटर खोल भेगेत पाणी भरलं की काठाच्या दर मीटरला दोन टनांचा रेटा नदीच्या दिशेनं बसतो.